जुन्या ड्रमसेटचे सुटे भाग: आधी व्हर्नियर, मग बाजार

टेन्शन रॉड (पान ताणणारे लांब स्क्रू) तीन कमी, दोन लग (ड्रमच्या अंगाला बसवलेले, रॉड ज्यात शिरतात ते धातूचे तुकडे) तडकलेले, आणि फ्लोअर टॉमच्या (पायांवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) तिसऱ्या पायाच्या जागी खराट्याचा दांडा. मामाचा ड्रमसेट माझ्याकडं आला तो या अवस्थेत. मामानं तो 1983 साली मुंबईच्या एका बँडवाल्याकडून घेतला आणि पुढं वीसेक वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात वाजवला. गणपतीत एका रात्रीत दोन-दोन कार्यक्रम, सेट टेम्पोत, वर ताडपत्री. सेट प्रीमियरचा, 1960च्या दशकातला. ही इंग्लंडची कंपनी 1922 साली लंडनमध्ये सुरू झाली आणि महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडं गेली. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. "विलायती क्रोम हाय, पुसलं की चकाकतंय," एवढंच तो सांगायचा, आणि ते खरं होतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवाला, म्हणून काढली. त्यामुळं आठवड्याचं काम समजून हात घातला, आणि दोन वर्षं गेली. त्यातलं निदान दीड वर्ष माझ्याच घाईचं. ते तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय.

भागाचं नाव विचारू नका, माप विचारा

पहिली चूक ऐका. स्नेअरचा (खाली तारा असलेल्या ड्रमचा) वरचा हूप, म्हणजे पान दाबून धरणारं कडं, वाकला होता. 14 इंची ड्रम, म्हणून 14 इंची हूप आणि सोबत नवीन हेड मागवलं. (हेड म्हणजे आपल्या ढोल-ताशावाल्यांच्या भाषेत पान.) हेड शेलवर, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगावर, बसेचना. काठावर अडकलं, एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं वर. मी दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि हेड परत केलं. दुसरं आलं, तेही तसंच. मग शेलभोवती टेप गुंडाळला तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आजच्या ड्रमचं शेल कागदावरच्या मापापेक्षा किंचित लहान असतं, म्हणजे हेड वरून सैल उतरतं आणि मोकळं राहतं. जुन्या ब्रिटिश ड्रमचं तसं नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रीमियरची शेलं त्याच नावाच्या आजच्या शेलपेक्षा काही मिलिमीटर मोठी असायची. त्यानंतर त्यांनी अमेरिकन माप धरलं. आधीच्या मापाला जाणकार 'प्री-इंटरनॅशनल' म्हणतात, आणि हा एक शब्द माहीत नसेल तर हूप आणि हेड यांवर पैसे नुसते जळतात.

तपासायचं कसं? शिंप्याचा टेप चालेल, पण त्यापेक्षा कागदाची पट्टी बरी. ती शेलच्या काठाजवळ घट्ट गुंडाळा, जिथं टोकं जुळतात तिथं खूण करा, आणि पट्टी सरळ करून पोलादी पट्टीनं मोजा. 12 इंचाचा परीघ साधारण 957 मि.मी., 14 इंचाचा 1117, 16 इंचाचा 1277. तुमचा आकडा याच्या थोडा खाली आला तर निर्धास्त राहा, आजचा माल बसेल. वर गेला तर थांबा, कारण तुम्हाला जुन्या मापाचंच हेड आणि जुन्या मापाचाच हूप लागणार. तशी हेडं परदेशात आजही मिळतात, फक्त मागताना तो शब्द वापरावा लागतो.

हूप मागवताना आणखी दोन गोष्टी बघा. एक, भोकं किती. 14 इंची स्नेअर आठ लगचा असतो तसा दहाचाही असतो. आठात दोन भोकांमधला कोन 45 अंश, दहात 36, त्यामुळं एकाचा हूप दुसऱ्याला कधीच लागत नाही. दुसरं, स्नेअरच्या खालच्या हूपला तारांची पट्टी जायला खाच असते. बिनखाचेचा हूप स्वस्त दिसला म्हणून घेतला की घरी येऊन कपाळाला हात.

आटे

इथं मी जरा रेंगाळणार, कारण हे माझं घर आहे.

अमेरिकन ड्रमचे, म्हणजे लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स यांचे टेन्शन रॉड बहुतेक 12-24 मापाचे: बाहेरून साधारण साडेपाच मि.मी. आणि एका इंचात 24 आटे. आज बाजारात पाकिटात मिळणारे तैवानी-चिनी रॉडही याच जवळपासचे. जर्मन सोनरचा मामला वेगळा. तिथं 6 मि.मी.चा मेट्रिक आटा येतो, आणि 70च्या दशकातल्या बऱ्याच सोनरना चौकोनी डोक्याऐवजी पेचकसाची खाच असते. माझ्या प्रीमियरच्या रॉडवर पिच गेज (आटे ओळखायची दातेरी पात्यांची पट्टी) लावला तर 24चं पातं बसलं, आणि आजचा पाकिटातला रॉड हातानं शेवटपर्यंत गेला. नशीब माझं. तुमचाही जाईल असं धरून चालू नका, एक रॉड आधी आणून बघा.

परीक्षा सोपी आहे. रॉड फक्त बोटांनी फिरवा, की (ड्रमची चावी) लावू नका. पाच-सहा फेरे अलगद गेला आणि डुगडुगला नाही, तर आपला. दोन फेऱ्यांनंतर जड झाला तर तिथंच थांबा. जड झालेल्या रॉडला की लावली की पितळी नटातले आटे जातात, आणि मग रॉडचा प्रश्न नटाचा होतो.

लग शेलला धरून ठेवणारे छोटे स्क्रू याहून फसवे. अमेरिकन ड्रमवर बहुतेक 8-32 (इंचात 32 आटे), जपानीवर एम-4 (मेट्रिक). एक 4.17 मि.मी., दुसरा 4.0. डोळ्याला फरक दिसत नाही. पण पहिल्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.79 आणि दुसऱ्याचा 0.70, त्यामुळं 8-32च्या भोकात एम-4 घातला की चार फेरे खुशीत जातो आणि मग चावतो. लग जस्ताचा, स्क्रू लोखंडाचा. कोण हरणार ते तुम्हीच ठरवा. ब्रिटिश ड्रम असेल तर बी.ए. मापाचा (जुन्या ब्रिटिश बारीक स्क्रूंच्या मापाचा) गेज हाताशी असू द्या. 2 बी.ए. म्हणजे 4.7 मि.मी., पिच 0.81. एम-5चा पिच 0.8, म्हणून हे दोन्हीही एकमेकांची नक्कल करतात. हे गेज नवीन पोरांना ऐकूनसुद्धा माहीत नसतात, पण जुन्या इलेक्ट्रिक मोटारवाल्याकडं, मीटर दुरुस्त करणाऱ्याकडं बी.ए. स्क्रूची डबी अजून निघते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, या ठिकाणी व्हिटवर्थ (हाही जुना ब्रिटिश आटा) आणि बी.ए.चे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, विचारा. इंग्रज गेले, त्यांचे आटे राहिलेत.

रॉडची लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात, डोकं धरून नाही. लगच्या दोन भोकांतलं अंतर मोजताना मधोमध अंदाज बांधू नका. एका भोकाच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत व्हर्नियर (मि.मी.चे अंश मोजणारा कॅलिपर) लावा, तेच मध्य ते मध्य अंतर. आणि हे लगवर नको, शेलवर मोजा. लग बदललेला असू शकतो, शेलची भोकं खोटं बोलत नाहीत.

पायांचं आणि टॉमच्या दांड्यांचं माप सगळ्यात सोपं, म्हणून तिथंच माणसं चुकतात. जुन्या सेटवर बहुधा 3/8 इंची दांडा, म्हणजे साडेनऊ मि.मी. आजचे पाय साडेदहा किंवा त्याहून जाड. जाड पाय जुन्या ब्रॅकेटमध्ये शिरत नाही हे लगेच कळतं. उलटं झालं तर कळत नाही: बारीक पाय मोठ्या ब्रॅकेटमध्ये बसतो, विंग स्क्रू (हातानं पिळायचा कानवाला स्क्रू) आवळला की धरतोही, आणि तिसऱ्या गाण्यात ड्रम हळूहळू खाली बसतो. मामाच्या खराट्याच्या दांड्याचं मूळ यातच होतं.

शेलला नवीन भोक पाडायचं नाही

मापाचा लग मिळाला नाही की मिळालेल्या लगाच्या मापाचं भोक शेलला पाडायचा मोह होतो. माझ्या हातात ड्रिल होतं आणि मनात तो विचार होता. मामी म्हणाली, "त्यांनी कधी खिळा मारू दिला नाही त्याला." तेवढ्यावर वाचलो.

जुन्या ड्रमची किंमत शेलवर असते. लग, हूप, पाय कधीही मूळचे परत लावता येतात. भोक बुजवलं तरी वरच्या चमकत्या आवरणावर डाग राहतो आणि घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. त्यामुळं नियम असा ठेवा: तुम्ही जे लावाल ते उद्या कुणीतरी काढून मूळचं लावू शकलं पाहिजे. काढलेले मोडके भागही टाकू नका. माझ्याकडं ते सगळे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून.

कुठं शोधायचं

सगळ्यात आधी घराजवळ. आपल्याकडं ड्रमसेट मोडीत जात नाही, माळ्यावर जातो. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांचे मालक, लग्नाचे ब्रास बँड, साउंड सिस्टिम भाड्यानं देणारे यांना भेटा. फोनवर "जुने ड्रमचे पार्ट आहेत का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. जाऊन चहा घेतला की पोतं बाहेर येतं. मला तीन टेन्शन रॉड जयसिंगपूरच्या एका बँडवाल्याकडं मिळाले, मार्चिंग ड्रमवरचे, लांबीला जरा जास्त. लांब रॉड कापता येतो, तोकडा वाढवता येत नाही.

कोकणात, गोव्यात ओळख असेल तर तिथं जरूर विचारा. मुंबईच्या हॉटेलांतले डान्स बँड आणि सिनेमाचे वाद्यवृंद एका काळी गोव्याच्या वादकांवर उभे होते. त्यांची वाद्यं निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत गावी गेली. मुंबईचा चोर बाजार शुक्रवारी पहाटे, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, ही ठिकाणं आहेतच. पण तिथं नेमका भाग शोधायला गेलात तर हात हलवत परताल. तिथं जायचं ते आख्खा मोडका ड्रम मिळतो का ते बघायला. शेल फुटलेला, पान फाटलेला, कुणी ढुंकून बघत नाही असा एखादा टॉम स्वस्तात मिळाला की त्यात सहा लग, बारा रॉड, दोन हूप आणि डझनभर वॉशर येतात. सुटे घ्यायला गेलात तर यातल्या चार वस्तूंतच तेवढे पैसे जातील.

बिल्ला पाहून मात्र भुलू नका, आणि बिल्ला नसला म्हणून सोडूही नका. 1960च्या दशकात जपानमधले मोजके कारखाने एकच माल वेगवेगळ्या नावांच्या बिल्ल्यांखाली विकायचे. त्यामुळं अनोळखी नावाच्या जपानी ड्रमचा लग दुसऱ्या अनोळखी नावाच्या जपानी ड्रमला चपखल बसतो. तिथं लगचा आकार हीच ओळख.

परदेशी बाजाराचं गणित कंपनीनुसार बदलतं. लडविग असेल तर तुम्ही सुखी. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात दिसले, रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर लडविगचं नाव सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर त्या कंपनीचे ड्रम खोऱ्यानं विकले गेले. जितके ड्रम बनले तितके आज भाग, शिवाय काही भाग कंपनी अजूनही बनवते. रॉजर्सवाल्यांनी सावध राहावं: त्यांचे पत्र्याचे जुने लग, ज्यांना तिकडं 'ब्रेड अँड बटर' म्हणतात, तडकण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. फोटोत बरा दिसला तरी आतल्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय घेऊ नका. प्रीमियरचे भाग अमेरिकेपेक्षा इंग्लंडमधले विक्रेते जास्त ओळखतात. इबे आणि रिव्हर्ब या दोन्ही संकेतस्थळांवर शोधताना स्पेलिंग मुद्दाम चुकवूनही बघा. ज्याला कंपनीचं नाव नीट लिहिता येत नाही, त्याला बहुतेक वेळा भावही माहीत नसतो.

विक्रेत्याला लिहिताना मी एकच फोटो पाठवतो: पांढऱ्या कागदावर माझा भाग, शेजारी उघडा व्हर्नियर, आकडा वाचता येईल असा. आणि त्याच्याकडूनही तसाच मागतो. "बसेल का?" या प्रश्नाला जगातला प्रत्येक विक्रेता "हो" म्हणतो. ऑर्डर एकदम करा, कारण कुरिअरचा खर्च एका लगला लागतो त्याच्या फार पुढं चार लगांना जात नाही. जिब्राल्टरसारख्या कंपन्यांचे सर्वसाधारण भागही चालतात: वॉशर, विंग नट, बेस ड्रमचे क्लॉ (हूप धरणारे आकडे). जिथं डोळा जात नाही तिथं मूळचा हट्ट कशाला?

नाहीच मिळालं तर बनवा

सगळं बनवण्यासारखं नसतं. कष्टाच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा पायात. 3/8 इंची ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) आणा, मूळ पाय शेजारी ठेवून वाक द्या, खाली रबर. लेथवर नर्लिंग (पकड यावी म्हणून खरखरीत जाळी) करणार असाल तर लक्षात ठेवा, नर्लिंगनं व्यास वाढतो. मी पहिला पाय सुंदर नर्ल केला आणि तो ब्रॅकेटमध्ये गेलाच नाही. नर्ल करायचा भाग आधी थोडा उतरवून घ्या.

लगच्या आतला फिरता नट पितळी बारमधून अर्ध्या तासात होतो. रॉड बनवता येतो, पण पाकिटातला मिळत असेल तर बनवू नका. चौकोनी डोकं कीमध्ये बसेपर्यंत कानस घासताना दुपार जाते.

तडकलेल्या लगाची कथा वेगळी. हे लग बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबून ओतलेले. हा धातू चारशे अंशाच्या आतच वितळतो. ब्रेझिंगला (पितळ वितळवून जोड द्यायला) त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, म्हणजे तड जोडायच्या आधी लगच खाली टपकेल. बारीक तड असेल तर आतून पितळी पट्टी आणि इपॉक्सी, आणि तो लग फ्लोअर टॉमच्या खालच्या बाजूला लावा, जिथं ताण कमी.

माझा एक लग पार दुभंगला होता. मूळ लगचाच साचा करून पितळेत ओतून घ्यायचं ठरवलं. कोल्हापुरात ओतकामवाल्यांना तोटा नाही, पण लहान कामाला कुणी हात लावत नव्हतं. शेवटी एका जुन्या मोल्डरनं दुसऱ्या कामासोबत वाळूत दाबून दिला. इथली गोम अशी की पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं. दोन भोकांत 50 मि.मी. अंतर असेल तर ओतलेल्यात ते पाऊण मि.मी. कमी भरतं, आणि तेवढ्यानं स्क्रू शेलच्या भोकात जात नाही. म्हणून साच्यासाठी लग देताना त्याची स्क्रूची भोकं बुजवा, आतले उंचवटे एम-सीलनं जरा जाड करा, आणि ओतून आल्यावर शेलच्या मापानं नव्यानं भोकं पाडून आटे मारा. बाहेरून लग अर्धा-पाऊण मि.मी. लहान राहतो. आजवर कुणाच्या लक्षात आलेला नाही, आणि मी मुद्दाम दाखवतो तरी लोकांना कुठला ते ओळखता येत नाही.

प्लेटिंगला देताना धातू कुठला ते तोंडानं सांगा आणि कागदावर लिहूनही द्या. मी एक मूळचा, फक्त डागाळलेला लग नव्या पितळी लगासोबत दिला होता. प्लेटिंगवाल्यानं दोन्ही पितळी समजून जुनं क्रोम उतरवायला ॲसिडमध्ये सोडले. पितळी बाहेर आला, जस्ताचा चाळणी होऊन आला. जस्तावर आधी तांब्याचा थर चढवावा लागतो, मग निकेल, मग क्रोम, आणि हे ज्याला जमतं त्यालाच द्यायचं. खरं तर तो लग द्यायलाच नको होता. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळला की निघतो. भांड्याची तारेची घासणी मात्र लांब ठेवा.

बसवताना

जुन्या लगमध्ये नट धरून ठेवायला स्प्रिंग असते. ती सैल झाली की प्रत्येक ठोक्याला ड्रम आतून किणकिणतो, आणि तुम्ही स्नेअरच्या तारांना दोष देत बसता. फेल्टचा छोटा तुकडा स्प्रिंगभोवती गुंडाळा, काम झालं. रॉडला ग्रीसचं बोट, डोक्याखाली वॉशर, आणि आवळताना समोरासमोरचे रॉड अर्धा-अर्धा फेरा. लगचे स्क्रू हातानं आवळून वर पाव फेरा, बास. माझे दोन लग तडकले त्यातल्या एकाला तरी टेम्पोचा धक्का जबाबदार नव्हता. कुणीतरी पाना लावून जोर केला होता, त्याच्या खुणा अजून आहेत.

सेट आता वाजतोय. भाचा रविवारी येऊन बडवतो. एकच गोष्ट राहिली आहे, टॉम होल्डरचा मूळ विंग स्क्रू. त्या जागी सध्या सायकलच्या सीटचा बोल्ट आहे, आटे जुळवून घेतलेला. कुणाच्या माळ्यावर प्रीमियरचं पोतं असेल तर मी चहाला यायला तयार आहे, व्हर्नियर घेऊन.